तोफबाईंचा खुलासा

दिवाणी कोर्टाच्या तीन नंबरच्या दालनाबाहेर ज्या शिपाईबाई उभ्या असत, त्यांना न्यायाधीशांपासून चहावाल्यापर्यंत सगळे तोफबाई म्हणत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथे ते कुणाच्या अध्यातमध्यात न येता सुखात होतं. तोफबाईंचं मुख्य काम पुकाऱ्याचं. दाव्याची पाळी आली की बाहेर येऊन वादी-प्रतिवादींची नावं तीनदा घ्यायची. एकदा दाराशी, एकदा व्हरांड्याच्या कठड्याशी आणि शेवटी जिन्याच्या वरच्या पायरीवरून, खालच्या पटांगणाकडे तोंड करून. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी आलं नाही की आत कागदावर ‘गैरहजर’ असा शेरा पडे, आणि दहा वर्षं फुगत आलेला दावा टाचणी लागल्यासारखा बसे.

बावीस वर्षांत असं फारसं घडलं नव्हतं, कारण आवाजच तसा होता. तोफबाईंनी तिसरा पुकारा टाकला की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर जागच्या जागी थांबे. एकदा तर ज्याचा दावाच नव्हता असा एक माणूस नुसत्या धसक्याने आत आला आणि शेजाऱ्याशी असलेली भानगड तिथल्या तिथे मिटवून गेला. तोफबाईंना नवराही याच आवाजाने मिळवून दिला. हे गृहस्थ कुलपं दुरुस्त करत. घरमालक-भाडेकरूंच्या एका दाव्यात, कुलूप तोडलं होतं की किल्लीने उघडलं होतं, हे सांगायला साक्षीदार म्हणून आले होते. पुकारा झाला आणि ते गारद झाले. आपलं नाव आजवर इतक्या मनापासून कुणी घेतलं नव्हतं, असं त्यांनी पुढे लग्नानंतर कबूल केलं. लग्नानंतर ते नाव तितक्याच मनापासून पण वेगळ्या सुरात घेतलं जाऊ लागलं, ती गोष्ट निराळी.

तर अशा या तोफेची दारू दमट व्हायला लागली.

सुरुवात खरं तर थोरल्या मुलापासून झाली होती. तो साडेचार किलोचा जन्मला, आणि डोकं वडिलांवर गेलेलं, म्हणजे भरपूर मोठं. धाकटीच्या वेळेनंतर शिंक आली की एखादा थेंब निसटायचा. तो सोसण्यासारखा होता. पण पन्नाशी जवळ आली, पाळी जाते-येते करू लागली आणि थेंबाला पाय फुटले. खोकला की थेंब, पाण्याची घागर उचलली की थेंब, नणंदेने विनोद सांगितला की थेंब. नणंदेचे विनोद चांगले असते तर ते तरी सार्थकी लागलं असतं. पण सगळ्यात वाईट होता पुकारा. पहिल्या पुकाऱ्याला थेंब, दुसऱ्याला चमचा, आणि तिसऱ्याला मोजमाप करण्यात अर्थ उरत नसे. दिवसाला चाळीस दावे, म्हणजे एकशेवीस पुकारे.

घरात ही गोष्ट काढायची म्हणजे कुणापाशी, तर नणंदेपाशी. नणंद म्हणाली, त्यात काय, माझंही होतं. सासूबाई पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या की माझंही होत होतं, माझ्या आईचंही होत होतं, बाईमाणसाचं ते व्हायचंच. जणू घराण्याची खानदानी वस्तू होती आणि सुनेकडे आल्याबद्दल तिने मिरवायला हवं होतं.

तोफबाईंनी मग आपल्या बुद्धीने इलाज केले. आधी पाणी बंद केलं. सकाळी अर्धा पेला, त्यावर थेट संध्याकाळी. त्याने गळती थांबली नाही, फक्त जळजळ वाढली. मग पॅड लावले. मग पुकाऱ्याला उभं राहताना पाय एकावर एक आडवे टाकून खांबाला टेकायची पद्धत काढली. हा काहीतरी नवा रुबाब आहे असं वाटून दोन तरुण वकीलही तसे उभे राहू लागले. आणि शेवटी, कुणाला कळणार नाही अशा बेताने, त्यांनी आवाज उतरवला. दर आठवड्याला थोडा थोडा. न्हाव्याचा वस्तरा पुन्हा सुरळीत चालू लागला.

आवाज उतरल्याची किंमत भरली ती एका टोपल्या विणणाऱ्या आजीने. तिचा दावा शेजाऱ्याने सरकवलेल्या भिंतीचा होता. आजी सकाळी नऊपासून पटांगणातल्या छपराखाली बसली होती. तिचा वकील दुसऱ्या दालनात अडकलेला. अकराला पाळी आली. तोफबाईंनी तीन पुकारे केले, पण तिसरा जिन्याच्या चार पायऱ्या उतरून संपला असावा. आत शेरा पडला, दावा निकालात निघाला. दुपारी एकला आजी गुडघे धरत जिना चढून वर आली आणि तोफबाईंना म्हणाली, “माझं नाव कधी घेणार गं पोरी?”

त्या दिवशी तोफबाईंचा डबा तसाच परत गेला. आजीच्या वकिलाने अर्ज करून दावा आठ दिवसांत पुन्हा उभा केला, आजी काही रागावली नाही, पण तोफबाईंना रात्रंदिवस तेच वाक्य ऐकू येई. हे दार म्हणजे त्यांचं गायकाचं आसन होतं, राजाची गादी होती, काय हवं ते म्हणा. आणि आपण तिथे उभं राहून माणसं बुडवतो आहोत, हे त्यांना कळून चुकलं होतं. नवऱ्याने विचारलं, घसा बसलाय का? तोफबाई म्हणाल्या, घसा ठणठणीत आहे, बिघाड खालच्या मजल्यावर आहे. आणि सगळं सांगून टाकलं. कुलूपवाल्यांनी थोडा विचार केला आणि आपल्या धंद्यातला एकमेव सल्ला दिला, की घरच्या घरी खटपट करण्यात कुलूप जास्त बिघडतं, कारागिराला दाखवावं.

डॉक्टरबाई उंच, किडकिडीत आणि तोंडाने सडेतोड होत्या. त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि तोफबाईंना प्रथमच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं. कधी गळते? जोर केला की? की आधी घाई होते आणि दार उघडेपर्यंत धीर निघत नाही? तोफबाईंनी शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं, की घाई नाही, कळ नाही, नुसता जोर केला की गळते. मुलं किती, केवढी, बद्धकोष्ठ आहे का, चहा किती. चहाचा आकडा ऐकून डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. बायकांचं हे व्हायचंच, असं घरचे म्हणतात, हेही तोफबाईंनी सांगून पाहिलं.

“सर्दीही सगळ्यांनाच होते,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “म्हणून कुणी नाक गळतं ठेवून हिंडत नाही.”

लघवी तपासणीला गेली. त्यात जंतू निघाले, म्हणजे पाणी तोडण्याच्या इलाजाची कमाई. त्यावर गोळ्या मिळाल्या. आणि तीन दिवसांची एक नोंदवही लिहायला सांगितली, की काय प्यायलं, कधी गेलात, कधी गळाली, काय करत असताना. तोफबाईंनी ती कोर्टात वाचतात त्याच भाषेत लिहिली. ‘सकाळी ११.२०, दावा क्रमांक सात, तिसरा पुकारा, गळती झाली. दुपारी १२.०५, वकिलांच्या विनंतीवरून तहकूब, गळती नाही.’ डॉक्टरबाईंनी ती दोनदा वाचली. इतका चोख पुरावा आपल्याकडे कधीच आला नव्हता, असं म्हणाल्या.

मग प्रत्यक्ष तपासणी. जंतू गेल्याची खात्री झाली, पोटात पाणी भरपूर, टेबलावर आडव्या झाल्या, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, खोका. तोफबाई परक्या घरी खोकतात तशा सभ्यपणे खोकल्या. काही नाही. अजून जोरात. तरी काही नाही. डॉक्टरबाईंनी उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा खोकायला लावलं. उपयोग नाही. संकोचाने सगळं आवळून धरलं होतं.

“खोकू कशाला,” तोफबाई शेवटी म्हणाल्या, “पुकाराच करते.”

आणि त्यांनी केला. सवयीने त्या दिवशीच्या पहिल्या दाव्यातल्या वादीचं नाव ओठांवर आलं, आणि कित्येक महिन्यांत मोकळा न सोडलेला आवाज त्या पत्र्याच्या कपाटांच्या खोलीत सुटला. बाहेर बसलेले सगळे पेशंट एकदम उभे राहिले. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांचं कुठल्याशा कोर्टात काहीतरी चालू असावं, ते पडद्यापर्यंत येऊन “हजर आहे साहेब” म्हणून गेले. कंपाउंडरने इंजेक्शनचा ट्रे पाडला. आणि डॉक्टरबाईंना जे पाहायचं होतं ते त्यांनी जमिनीवर पाहिलं.

निदान झालं. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. मूत्राशय तिच्यावर निवांत बसतं आणि त्याचं तोंड ती झोळी मिटून धरते. बाळंतपणांनी आणि वयाने झोळी सैल पडली. आता वरून जोर आला की तोंड उघडतं. यावर पहिला इलाज झोळी पुन्हा घट्ट करण्याचा, म्हणजे व्यायाम, दिवसातून तीनदा, न चुकता. जोडीला चहा कमी, पाणी बेताचं पण रोजचं, पोट साफ, आणि जमलं तर चार-पाच किलो वजन उतरवायचं. त्याने नाहीच भागलं तर आतून आधार देणारी रिंग असते, छोटी पट्टी बसवायची शस्त्रक्रिया असते, ते पुढचं पुढे. शेजारच्या खोलीतली फिजिओथेरपीवाली व्यायाम शिकवेल, तिला भेटत राहा, आणि मला दाखवायला तीन महिन्यांनी या. कागदावर तारीख लिहिली.

इथे तोफबाईंनी ती चूक केली जी बावीस वर्षं कोर्टात काढलेला माणूसच करू शकतो. त्यांना तारीख मिळाली.

तारीख म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तारीख मिळाली की माणूस घरी जातो आणि पुढल्या तारखेपर्यंत कुठेही काहीही हलत नाही. हलायचंच नसतं. तोफबाईंनी डॉक्टरबाईंचा कागद भोकं पाडून फाइलीत लावला, व्यायामाचं चित्रपत्रक त्याखाली, लघवीचा अहवाल त्याखाली, वर दोरी बांधली, आणि आपलं प्रकरण रीतसर दाखल झाल्याच्या समाधानात तीन महिने शांत बसल्या. फिजिओथेरपीवालीकडे त्या गेल्याच नाहीत. सुनावणीआधी कारकुनाला कशाला भेटायचं?

मधल्या काळात तोफेची पिपाणी झाली. पक्षकार जिन्यावर गर्दी करून उभे राहू लागले, कारण खाली ऐकू येईनासं झालं होतं. नाझर म्हणजे शिपायांची कामं लावून देणारे साहेब. गोल, घामट, भला माणूस, पण दोन दावे आणखी बुडता बुडता वाचले तेव्हा त्यांचाही नाइलाज झाला. त्यांनी तोफबाईंना कारणे दाखवा नोटीस काढली, की पुकारा ऐकू का येत नाही याचा आठ दिवसांत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा तळघरातल्या दप्तरखान्यात बदली करण्यात येईल. दप्तरखान्यात तीस वर्षांपूर्वीचे कागद होते आणि त्यांना हाक मारायची गरज नसे.

नोटीस पर्समध्ये घालून तोफबाई ठरल्या तारखेला, दहा मिनिटं आधी, फाइल काखेत मारून डॉक्टरबाईंपुढे हजर झाल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, व्यायाम कसा चाललाय?

“तो आज सुरू करायचा ना,” तोफबाई म्हणाल्या. “आज तारीख आहे.”

डॉक्टरबाईंनी फाइल उघडली, तिची दोरी, तिची भोकं, तिचे अनुक्रमांक पाहिले आणि कपाळाला हात लावला. इतक्या सुंदर जपलेल्या निष्काळजीपणावर रागवावं कसं, हे त्यांना कळेना. मग रागावल्याच. “बाई, तुमचे स्नायू कोर्टाची वाट बघत नाहीत. ते रोज आणखी सैल होतात,” म्हणाल्या आणि तोफबाईंना दंडाला धरून शेजारच्या खोलीत नेऊन सोडलं.

फिजिओथेरपीवाली पोरसवदा होती, पण शरमेचा भाग देवाने तिला दिलाच नव्हता. करून दाखवा म्हणाली. तोफबाईंनी चित्रपत्रक आठवून श्वास कोंडला, पोट पुढे काढलं, चेहरा टोमॅटोसारखा केला आणि सगळा जोर लावला. मुलगी हातमोजा चढवून तपासत होती. तिने थांबवलं. तुम्ही खाली ढकलताय मावशी, म्हणाली, वर ओढायचंय. भर सभेत पोटात वारा धरलाय आणि सोडायची सोय नाही, तेव्हा काय करता? तेच करायचं, आणि जोडीला लघवी अडवल्यासारखं. फक्त खरोखर लघवी करताना मधेच थांबवायची सवय लावू नका.

“भर सभा कशाला,” तोफबाई म्हणाल्या, “न्यायाधीशबाईंपुढे रोजच धरते.” आणि एका फटक्यात जमलं.

आता खुलासा. तो तोफबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिला. कुलूपवाल्यांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असं मोघम लिहायचं सुचवलं. तोफबाईंनी मान हलवली. मोघम लिहिणाऱ्यांचे दावे कसे पडतात ते त्यांनी रोज पाहिलं होतं. त्यांनी लिहिलं:

‘माझा आवाज उतरलेला नाही. मोठ्याने ओरडले की माझी लघवी गळते, म्हणून मी हळू ओरडते. डॉक्टरांनी तपासून खात्री केली आहे. उपचार सुरू करण्यात तीन महिन्यांचा उशीर झाला, ती चूक माझी. तीन महिन्यांची मुदत मिळावी. तोवर तिसरा पुकारा दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावा, म्हणजे माझ्यापायी कुणाचा दावा बुडणार नाही.’

हा कागद आवक विभागात गेला. तिथल्या कारकुनाला नोंद करताना कागद मोठ्याने वाचायची खोड होती. तो पहिलं वाक्य खणखणीत वाचून दुसऱ्यात शिरला, अर्ध्यात अडखळला, आणि उरलेलं वाक्य त्याने गिळून टाकलं. पण जे बाहेर पडलं ते पुरेसं होतं. तासाभरात सगळ्या इमारतीला कळलं. पुरुषमंडळी तोफबाईंना पाहून छताचे पंखे मोजू लागली. टंकलेखन विभागातल्या चार बायका मात्र एकेकट्या, वेगवेगळ्या बहाण्याने वर आल्या आणि डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून घेऊन गेल्या. नाझरसाहेबांनी तो खुलासा तापलेल्या भांड्यासारखा दोन बोटांत धरून न्यायाधीशबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, आणि खाली शेरा मारला: ‘मुदत मंजूर. अर्जदारास पाणी पिण्यास व आवश्यक तेव्हा दालन सोडण्यास मुभा. तिसरा पुकारा नाझर यांनी करावा.’

नाझरसाहेबांचा आवाज सर्दी झालेल्या मांजरासारखा होता. पहिल्या दिवशी जिन्याच्या पायरीवरून त्यांनी पुकारा केला तेव्हा खालच्या पटांगणात एका कुत्र्याने कान हलवला, बाकी काही घडलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ते प्रत्येक तिसऱ्या पुकाऱ्याला स्वतः जिना उतरून पटांगणात फिरू लागले. तीन महिन्यांत त्यांचं सहा किलो वजन उतरलं. तोफबाईंचं तीनच उतरलं.

तोफबाई व्यायाम कोर्टातच करत. वकील युक्तिवादाला उठला की त्या दाराशी उभ्या राहून आवळत, आठ मोजत, सोडत. पुन्हा आवळत. श्वास चालू ठेवायचा, चेहरा साधा ठेवायचा, असं फिजिओथेरपीवाल्या पोरीने बजावलं होतं. श्वास जमला, चेहरा जमायला महिना गेला. त्या महिन्यात एका ज्येष्ठ वकिलांनी, या बाई आपल्याकडे असं काय बघतात म्हणून, आपला युक्तिवाद तीनदा आवरता घेतला. त्यांच्या युक्तिवादाचा प्रथमच कुणाच्या तरी प्रकृतीला उपयोग होत होता हे त्यांना कधी कळलं नाही. घरी कुलूपवाले रोज तीन वेळा घड्याळाकडे बघून “झालं का?” एवढंच विचारत. नणंदेलाही जबरदस्तीने शिकवलं गेलं. ती दोन दिवस करून थांबली आणि विनोद सांगत राहिली.

तिसऱ्या महिन्यात पोरीने शेवटचा धडा दिला. जोर यायच्या आधी झोळी आवळायची, मग पुकारा करायचा, पोटातून ढकलायचा नाही, श्वासावर सोडायचा. तोफबाईंनी घरच्या मोरीत सराव केला. शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली.

मुदत संपली त्या दिवशी दप्तरखान्याच्या बदलीचा कागद सहीविना नाझरसाहेबांच्या खिशात होता, आणि ते जिन्याच्या तळाशी, पटांगणाच्या पार टोकाला जाऊन उभे होते. पहिल्या दाव्याची पाळी आली. दाराशी पहिला पुकारा, कठड्याशी दुसरा. तोफबाई वरच्या पायरीवर आल्या. पाय आडवे टाकले नाहीत. दोन्ही पाय रोवले, आवळलं आणि सोडला.

रस्त्यापलीकडे काय झालं ते सांगायची गरज नाही. पटांगणाच्या टोकाला नाझरसाहेब दोन्ही कानांवर हात ठेवून उभे होते, आणि वादी त्यांच्या बाजूने अक्षरशः धावत गेला. पुढचे सहा दावे असेच गेले. आठव्यात प्रतिवादीचं नाव भलतंच लांब होतं, वडिलांचं त्याहून लांब, आणि शेवटच्या अक्षराला झोळी थकली.

जेवणाच्या सुट्टीत तोफबाई प्रसाधनगृहात जाऊन पाहून आल्या. नाझरसाहेब व्हरांड्यात येरझारा घालत होते. तीन महिन्यांपूर्वी हा शब्द ऐकून ज्यांनी पंखे मोजले होते, त्यांनी आवाज खाली आणून सरळ विचारलं, “काय, बाई? गळाली?”

“अर्ज अंशतः मंजूर,” तोफबाई म्हणाल्या. “सात कोरडे, आठव्याला दोन थेंब. व्यायाम चालू ठेवते. नाहीच जमलं तर पट्टीवाल्या ऑपरेशनचं अपील आहे.”

नाझरसाहेबांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून परत खिशातच टाकले. मग म्हणाले की आता तुम्ही पाणी प्या, दोन वाजता नववा दावा आहे, आणि त्यातल्या प्रतिवादीचं नाव जरा आधी बघून ठेवा, तेही लांबच आहे.